कन्सोलवर खेळायला सुरुवात करताय? आधी गेम ठरवा, यंत्र नंतर

कन्सोल गेमिंगकडे नव्याने वळणारी बहुतेक मंडळी आधी यंत्र घेतात आणि मग त्यावर काय खेळायचं ते शोधत बसतात. कुणीतरी सुचवलेला शंभर तासांचा गेम लावला जातो. पहिल्याच बैठकीत डझनभर बटणं, चार-पाच मेनू आणि भलंमोठं अपडेट समोर येतं, आणि आठवड्याभरात कंट्रोलर कपाटात जातो. हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यांना जे नक्की आवडलं असतं ते त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नसतं.

मी कार्ट्रिजच्या, म्हणजे गेम असलेली प्लास्टिकची डबी यंत्रात खोचायच्या जमान्यापासून खेळतोय आणि आजही नवा गेम तितक्याच उत्सुकतेने लावतो. नवख्या लोकांना शेजारी बसवून शिकवताना जो क्रम लागू पडला, तो इथे देतोय. जुने आणि नवे गेम आलटून-पालटून खेळलात तर दोन्ही जास्त कळतात आणि जास्त आवडतात, असा माझा ठाम अनुभव आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच दिशेने जातात.

हाताशी काय हवं

- एक कन्सोल (कुठला, ते पायरी १ मध्ये)
- 'गेम मोड' असलेला टीव्ही किंवा मॉनिटर
- कन्सोल कंपनीचं ऑनलाइन खातं, आणि त्यासाठी तुमचा रोजच्या वापरातला ईमेल. खातं उघडताना जो देश निवडाल तो विचार करूनच निवडा. प्लेस्टेशनवर एका देशाच्या डिस्कला दुसऱ्या देशाच्या स्टोअरमधला जादा भाग बऱ्याचदा चालत नाही
- बऱ्यापैकी वेगाचं इंटरनेट
- वही आणि पेन. हे अगदी गांभीर्याने सांगतोय, जुन्या गेममध्ये नकाशे आणि खुणा लिहून ठेवाव्याच लागतात

१. तीन गेम ठरवा

ज्यांचे व्हिडिओ बघून हात शिवशिवले असे तीन गेम कागदावर लिहा आणि ते कुठे चालतात ते बघा. मारिओ, झेल्डा, मेट्रॉइड हे निन्टेंडोच्याच यंत्रांवर मिळतात. ब्लडबोर्न (२०१५) खेळायचा असेल तर प्लेस्टेशन ४ किंवा ५ लागतो. पहिल्या एक्सबॉक्सच्या आणि एक्सबॉक्स ३६० च्या डिस्कचा साठा कुणाकडून मिळाला असेल तर एक्सबॉक्स सीरीज एक्स घ्या. त्यातल्या ३६० च्या बऱ्याच आणि पहिल्या एक्सबॉक्सच्या थोड्या डिस्क त्यावर चालतात, आणि जुनं जपण्याच्या बाबतीत या घराण्याने सगळ्यात मनापासून काम केलंय असं माझं मत आहे.

तिन्ही गेम सगळीकडे मिळत असतील तर मग मित्रांकडे काय आहे ते बघून घ्या. ताकदीचे आकडे सोडून द्या, नवख्याला त्यांचा काही उपयोग नाही.

२. मारिओची पहिली लेव्हल सावकाश खेळा

सुपर मारिओ ब्रदर्स १९८५ चा. निन्टेंडोच्या सदस्यत्वात मिळणाऱ्या जुन्या गेमच्या संग्रहात तो आहे. पहिली लेव्हल खेळायला पाच मिनिटं पुरतात, पण तुम्ही ती प्रत्येक गोष्ट बघत खेळा.

मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा आहे, तोंड उजवीकडे, आणि पुढे मोकळी जागा. कुठे जायचं हे लिहिलेलं नाही, पण तुम्ही उजवीकडेच जाता. समोरून गूम्बा नावाचा एक तपकिरी शत्रू चालत येतो. धडकलात तर मरता, आणि गेम अवघ्या काही पावलांवरून पुन्हा सुरू होतो, त्यामुळे नुकसान काहीच नाही. दुसऱ्या वेळी उडी मारता. उडी मारताना डोकं प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यावर आपटतं आणि नाणं निघतं, म्हणून पुढचा ठोकळाही फोडावासा वाटतो. त्यातून मशरूम निघतं, उजवीकडे घरंगळतं, पाइपला आपटून उलट तुमच्याकडेच येतं. आत्ताच गूम्बाने मारलंय म्हणून तुम्ही ते चुकवायला उडी मारता, पण डोक्यावर विटा आहेत आणि बहुतेक वेळा मशरूम अंगावर येतंच. मारिओ मोठा होतो. धावणं, उडी, शत्रू, बक्षीस हे सगळं एकही शब्द न वाचता तुम्ही शिकलात.

हा अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसतो. जागा इतकी कमी, की आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या चमूने एवढ्याशा जागेत शिकवण्याची जी पद्धत बसवली, ती आजच्या कित्येक मोठ्या गेमना साधत नाही. आजचा गेम मध्येच थांबतो, चौकट उघडतो आणि 'उडी मारण्यासाठी हे बटण दाबा' असं सांगतो. दोन्हीतला फरक एकदा जाणवला की गेमकडे बघायची तुमची नजरच बदलते.

३. पहिला पूर्ण गेम १९९० ते १९९५ मधला घ्या

मारिओ संपवायचा हट्ट धरू नका. त्या काळातले गेम अवघड आहेत. आर्केडमध्ये नाण्यागणिक खेळायची सवय आणि गेमची छोटी लांबी, यामुळे अवघडपणा मुद्दाम चढा ठेवला जायचा. नवख्याने थेट पुढच्या पिढीकडे, म्हणजे १६ बिटच्या काळाकडे जावं. माझ्या मते कन्सोलच्या इतिहासात नव्या माणसासाठी इतकं सोयीचं दार दुसरं नाही: चित्रं आजही देखणी, बटणं मोजकी, सेव्हची सोय आलेली, आणि गेम आटोपशीर.

कुठला घ्यायचा ते आवडीवर आहे. भटकायला आणि कोडी सोडवायला आवडत असेल तर झेल्डा मालिकेतला 'अ लिंक टू द पास्ट' (१९९१). वेग हवा असेल तर सोनिक २ (१९९२). गोष्ट हवी असेल तर फायनल फँटसी ६ (१९९४). त्याची 'पिक्सेल रीमास्टर' आवृत्ती २०२३ मध्ये निन्टेंडो स्विच आणि प्लेस्टेशन ४ वर आली, ती उत्तम आहे.

मला विचाराल तर सुपर मेट्रॉइड (१९९४). त्यात एका उंच, अरुंद खोलीत तीन छोटे हिरवे प्राणी भेटतात. ते भिंतीवरून भिंतीवर टुणटुण उड्या मारत वर जातात, पुन्हा खाली येतात, पुन्हा जातात. सूचना कुठेच नाही. त्यांच्याकडे बघत बसलात की लक्षात येतं, ही उडी आपल्यालाही मारता येते, आणि पहिल्या मिनिटापासून मारता येत होती! असा क्षण आजही मला फार थोड्या गेममध्ये मिळतो.

४. सुरुवातीच्या थ्रीडी गेमना वेळ द्या

इथे बरेच जण गडबडतात. १९९४ ला प्लेस्टेशन आणि १९९६ ला निन्टेंडो ६४ आल्यावर सगळे थ्रीडीकडे धावले, आणि कॅमेरा कुठे ठेवायचा, पात्र कसं वळवायचं हे अजून कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. रेसिडेंट ईव्हिल (१९९६) आणि टूम रेडर (१९९६) मध्ये वरचं बटण म्हणजे 'पात्राचं तोंड जिकडे असेल तिकडे पुढे', आणि डावं-उजवं म्हणजे जागच्या जागी वळणं. हाताला हे सुरुवातीला फार विचित्र वाटतं. अर्धा तास द्या, बसतं.

रेसिडेंट ईव्हिलमध्ये प्रत्येक खोलीआधी दार करकरत उघडताना दिसतं. डिस्कवरून पुढची खोली वाचायला वेळ लागतो, तो त्या दाराआड लपवलाय. पण खेळताना छातीत धडधडतं ते त्या दारामुळेच. अडचणीतून निघालेला तोडगा गेमचा सगळ्यात लक्षात राहणारा भाग झाला.

थ्रीडी नीट जमवून दाखवलं ते सुपर मारिओ ६४ (१९९६) ने आणि झेल्डा मालिकेतल्या 'ऑकॅरिना ऑफ टाइम' (१९९८) ने. एका शत्रूवर नजर रोखून त्याच्याभोवती फिरत लढणं आज तुम्ही शेकडो गेममध्ये करता, ते ऑकॅरिनाने रुळवलं.

रीमेक खेळू की मूळ? सरसकट उत्तर नाही. 'शॅडो ऑफ द कोलोसस'चा २०१८ चा रीमेक बिनधास्त खेळा. सोळा अजस्र प्राणी, त्यांच्या अंगावर चढणं, सुटत चाललेली पकड हे सगळं जसंच्या तसं आहे, आणि मूळ २००५ चा गेम प्लेस्टेशन २ ला झेपत नव्हता. पण २०२० चा फायनल फँटसी ७ रीमेक हा मूळ १९९७ च्या गेमच्या ऐवजी घेऊ नका. त्यात फक्त मिडगार शहराचा भाग आहे, आणि गोष्टीची हाताळणीही वेगळी आहे. तो मूळ गेमनंतर खेळायचा.

५. टीव्हीची सेटिंग पहिल्याच दिवशी करा

नवा टीव्ही चित्र सुंदर करायला क्षणभर वेळ घेतो. सिनेमात ते कळत नाही, गेममध्ये बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते. एक दशांश सेकंदाचा उशीर म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, धरल्या तर सहा फ्रेम. मारिओ खड्ड्यात पडायला तेवढं पुरतं. म्हणून 'गेम मोड' चालू करा. 'मला जमत नाही' म्हणणाऱ्या कितीतरी जणांना एवढा एकच बदल केल्यावर जमायला लागलंय.

दुसरं, जुने गेम चारास तीन या चौकटीचे आहेत. रुंद पडदा भरायला ताणू नका, मारिओ बुटका आणि जाडा दिसतो. बाजूला काळे पट्टे राहू द्या.

जुने डब्बा टीव्ही अनेक शौकीन अजून जपून ठेवतात, त्याला कारण आहे. पहिल्या सोनिकमधला धबधबा आजच्या पडद्यावर उभ्या रेघांचा दिसतो. जुन्या टीव्हीच्या जोडणीत त्या रेघा एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक दिसायचं, आणि कलाकारांनी तेच गृहीत धरून चित्र काढलं होतं. डक हंट या जुन्या गेमची पडद्यावर रोखायची बंदूक तर आजच्या एलसीडी टीव्हीवर चालतच नाही.

६. जोड्या लावून खेळा

माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. एक जुना गेम आणि त्याच्याच वंशातला एक नवा, पाठोपाठ.

पहिली जोडी: द लेजंड ऑफ झेल्डा (१९८६) आणि 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७). जुन्यात पहिल्याच पडद्यावर एक गुहा दिसते. आत गेलात तर म्हातारा तलवार देतो. न जाता पुढे गेलात तरी गेम अडवत नाही. नव्यात तुम्ही कड्यावर येता, अख्खा प्रदेश समोर पसरतो, आणि खाली शेकोटीपाशी एक म्हातारा बसलेला असतो. नवा गेम बनवताना त्याच्या चमूने आधी जुन्या झेल्डासारखा दिसणारा एक टूडी नमुना करून बघितला होता. जुना तासभर खेळून मग नव्यात उतरलात तर ते मोकळेपण कुठून आलं ते आपोआप कळतं.

दुसरी जोडी: रेसिडेंट ईव्हिल ४, मूळ २००५ चा आणि रीमेक २०२३ चा. मूळ गेममध्ये नेम धरला की पाय जमिनीला खिळतात. चालता-चालता गोळी मारता येत नाही. म्हणून शत्रू धावत येतात आणि जवळ आल्यावर मंद होतात. पळू की मारू, हा निर्णय दर काही सेकंदांनी घ्यावा लागतो, आणि सगळी भीती त्या निर्णयात आहे. रीमेकमध्ये नेम धरून चालता येतं, म्हणून शत्रू जास्त चपळ आणि चिवट केलेत. दोन्ही गेम अव्वल आहेत. पण जुन्याचा तो खिळलेपणा 'मागासलेला' म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. अख्खा गेम त्या एका मर्यादेवर तोललेला आहे.

आणखी दोन जोड्या: सुपर मेट्रॉइडनंतर हॉलो नाइट, आणि मेगा मॅन २ नंतर शव्हल नाइट.

७. जुनं यंत्र घेणार असाल तर

आधी विचार करा की खरंच हवंय का. सदस्यत्वं आणि संग्रह यांतून बरंच मिळतं. पण सगळं मिळत नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत अमेरिकेत आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत असं आढळलं. त्यामुळे काही गेमसाठी मूळ यंत्राला पर्याय नाही. घेताना हे बघा:

- मेमरी कार्ड. प्लेस्टेशन १ आणि २ मध्ये सेव्ह करायला आत जागाच नाही. प्लेस्टेशन २ वर पहिल्या प्लेस्टेशनचे गेम चालतात, पण त्यांच्या सेव्हसाठी पहिल्याचंच कार्ड लागतं. हा सापळा खूप जणांना ऐन रात्री कळतो.
- कार्ट्रिजमधला सेल. अनेक जुन्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह टिकवायला बटणाएवढा सेल असतो. तो संपला की सेव्ह गेला. सेल डाग देऊन बसवलेला असतो, बदलायला सोल्डरिंग येणारा माणूस लागतो. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये घड्याळही त्यावरच चालतं, म्हणून तो लवकर संपतो.
- फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारलीय! पण तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी वापरा, वाळू द्या, मग लावा.
- प्रदेश. पाल या टीव्ही पद्धतीसाठी काढलेल्या ५० हर्ट्झच्या आवृत्त्या अनेकदा ६० हर्ट्झच्या मूळ गेमपेक्षा सुमारे १७ टक्के हळू चालतात. वेगावर उभा असलेला गेम असेल तर ६० हर्ट्झची आवृत्ती शोधा, आणि यंत्र त्याच प्रदेशाचं आहे ना ते तपासा.
- पहिला एक्सबॉक्स. बहुतेक आवृत्त्यांमध्ये घड्याळाचा कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) कालांतराने गळतो आणि आतला बोर्ड खातो. तो काढलाय का, हे विकणाऱ्याला विचारा.
- चालवून बघा. डिस्कचं यंत्र असेल तर गेम लावून निदान अर्धा तास. गरम झाल्यावर लेझर कुरकुरतो, थंड असताना सगळं छान वाटतं.

८. नव्या यंत्राचे सापळे

डिस्क घ्यायची की डाउनलोड, हे आधी ठरवा. एक्सबॉक्स सीरीज एस ला डिस्कची खाचच नाही, प्लेस्टेशन ५ च्या डिजिटल आवृत्तीला आणि प्रोलाही सोबत ड्राइव्ह येत नाही. स्विच २ चे काही गेम 'गेम-की कार्ड'वर येतात: कार्ड हातात असतं, पण गेम त्यात नसतो, डाउनलोड करावा लागतो. खोक्यावर तसं छापलेलं असतं, वाचून घ्या.

मी शक्य तिथे डिस्क घेतो. स्टोअर कायमची नसतात. निन्टेंडो ३डीएस आणि वी यू वरची खरेदी २७ मार्च २०२३ ला बंद झाली, एक्सबॉक्स ३६० चं स्टोअर २९ जुलै २०२४ ला. फक्त तिथेच मिळणारे चांगले छोटे गेम त्यासोबत नव्या खेळाडूंच्या हातून सुटले, आणि याचं मला मनस्वी दुःख आहे.

जागेचंही बघा. प्लेस्टेशन ५ चे गेम बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवरून चालत नाहीत, तिथे फक्त साठवता येतात. प्लेस्टेशन ४ चे मात्र चालतात. सीरीज एक्स आणि एस चीही तीच गत.

आणि पहिल्याच दिवशी गेम घेऊ नका. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला आणि त्याच महिन्यात प्लेस्टेशन स्टोअरवरून काढावा लागला. तोच गेम आज झकास चालतो. थांबणाऱ्याला चांगला गेम मिळतो.

९. अडलात तर

अडणारच. जुन्या गेमच्या संग्रहात बऱ्याचदा मागे नेण्याची आणि कुठेही सेव्ह करण्याची सोय असते, ती खुशाल वापरा. फक्त प्रत्येक उडीनंतर मागे नेऊ नका, हात शिकत नाही. लेव्हलच्या सुरुवातीला एक सेव्ह, एवढं पुरे. सेलेस्ट (२०१८) मध्ये वेग कमी करण्यापासून अमर होण्यापर्यंत सगळ्या मदती मेनूतच आहेत आणि त्या वापरल्याबद्दल गेम तुम्हाला कमी लेखत नाही. मला ही वागणूक फार आवडते.

एकाच जागी तासभर गेला तर त्या जागेपुरतं मार्गदर्शन वाचा. पूर्ण गेमचं वाचू नका.

१०. चौथा गेम कसा निवडाल

तीन गेम झाल्यावर पुन्हा यादी करताना विक्रीचे आकडे बघू नका. गेम संपल्यावर नावं वर सरकतात तेव्हा थांबा आणि दिग्दर्शकाचं नाव वहीत टिपा. 'शॅडो ऑफ द कोलोसस' आवडला असेल तर फुमितो उएदांचे 'इको' (२००१) आणि 'द लास्ट गार्डियन' (२०१६) आहेत. ब्लडबोर्न पचला असेल तर हिदेताका मियाझाकींचाच 'डीमन्स सोल्स' (२००९) घ्या, प्लेस्टेशन ५ वर त्याचा रीमेकही आहे. आणि सुपर मेट्रॉइडने वेड लावलं असेल तर 'कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट' (१९९७) लावा. प्लेस्टेशन ४ वर तो 'कॅसलव्हेनिया रेक्विएम' या संग्रहात मिळतो. त्यातला वाडा सगळा पालथा घातला, खलनायक हरला आणि गेम संपला असं वाटलं, तर तिथे सोडू नका. अर्धा गेम अजून शिल्लक असतो.